धारेआधी धुतलेले हात : सिन्नर तालुक्यातल्या एका गोठ्याचं प्रकरण

त्या घरात पहिल्यांदा गेलो तेव्हा मनात आलेलं आधी सांगून टाकतो. इतकं लख्ख घर मी महिनाभरात पाहिलं नव्हतं. अंगण सारवलेलं, तुळशीपुढे रांगोळी, मांडणीवर भांडी पालथी घातलेली, गोठ्यातलं शेण सकाळी सातच्या आत उकिरड्यावर. अशा घरातल्या दोघांना जनावरांपासून ब्रुसेलोसिस हा आजार झाला होता आणि तो कसा झाला हे शोधायचं काम माझ्याकडे आलं होतं. मी पशुवैद्यक आहे. माणसांचा ताप हा माझा प्रांत नाही. पण या तापाची सुरुवात शेळ्यांमध्ये होती.

गाव सिन्नर तालुक्याच्या कोरडवाहू पट्ट्यातलं. नाव देत नाही, माणसांचीही नावं देत नाही. घरात नाना आणि आजी, थोरला मुलगा (वय ३१), त्याची बायको, त्यांचा चार वर्षांचा मुलगा, धाकटा मुलगा आणि त्याची बायको. धाकटी तेव्हा सहा महिन्यांची गरोदर होती आणि निफाडकडे माहेरी गेलेली होती. ते बरं झालं, कारण हा आजार पोटुशीला झाला तर गर्भाला धोका असतो. जनावरं म्हणजे संकरित चार गायी, दोन वासरं, संगमनेरी जातीच्या नऊ शेळ्या आणि दहा-बारा कोंबड्या. गायीचं दूध संकलन केंद्रावर जातं, शेळीचं घरात राहतं.

शेळ्या रात्री कुठे असतात हा या प्रकरणातला कळीचा मुद्दा आहे. त्या पडवीत असतात, माणसं झोपतात त्या खोलीच्या दाराला लागून. पूर्वी त्या मागच्या कुडाच्या छपरात असायच्या. मग शिवारात उसात बिबट्या दिसायला लागला, शेजारच्या वस्तीवरची दोन करडं गेली आणि नानांनी शेळ्या आत घेतल्या. निफाड, सिन्नर, दिंडोरी या पट्ट्यात हे घरोघरी झालं आहे. जनावरापासून चार हात लांब झोपा, असं आरोग्याच्या पत्रकात छापणं सोपं आहे. बिबट्या ते पत्रक वाचत नाही.

आता घटनाक्रम. वसुबारसेला घरच्या गायीची पूजा झाली आणि दोनच दिवसांनी एक शेळी गाभडली, म्हणजे तिचा गर्भ पडला. साडेतीन-चार महिन्यांची गाभण होती. शेळी पाच महिन्यांनी विते, म्हणजे करडं जवळजवळ तयार होती. ‘काहीतरी खाल्लं असेल’ असं म्हणून ती गोष्ट तिथेच संपली. मेलेली करडं आणि जार (वार) उकिरड्यावर टाकली, कुत्र्यांनी ती रानात ओढून नेली. बारा दिवसांनी दुसरी शेळी रात्री दोन वाजता कण्हायला लागली. करडू आडवं होतं. थोरल्याने हात घालून ते ओढून काढलं, बायकोने मोबाईलची बॅटरी धरली. करडू मेलेलंच होतं. थोरल्याने हौदाच्या पाण्यात हात खंगाळले, घरात आला आणि चहा घेऊन झोपला. त्याच दिवशी दुपारी लाल कांद्याची पात कापताना त्याच्या डाव्या अंगठ्याजवळ विळा लागला होता. जखमेवर हळद दाबून फडकं बांधलेलं होतं. करडू काढताना ते फडकं त्याने सोडलं, कारण बुळबुळत होतं.

तीन आठवड्यांनी त्याला ताप आला. संध्याकाळी थंडी वाजून चढायचा, पहाटे घामाने गोधडी भिजायची आणि सकाळी गडी शेतावर जाण्याइतका बरा. पाठ मात्र धरलेली. डिसेंबर म्हणजे उन्हाळ कांद्याच्या लागवडीचे दिवस, तेव्हा पाठ कुणाची दुखत नाही? गावातल्या डॉक्टरांनी टायफॉइड धरून औषध दिलं. ताप आठ दिवस गेला, परत आला. मलेरियाची तपासणी झाली, ती निगेटिव्ह. सलाईन झाली. ताप पुन्हा गेला, पुन्हा आला. असं दीड महिना चाललं. जानेवारीच्या अखेरीस त्याचं एक अंड सुजलं, इतकं की त्याला मोटरसायकलवर बसता येईना. हे त्याने बायकोलासुद्धा चार दिवस सांगितलं नाही.

नाशिकमधल्या ज्या फिजिशियनकडे शेवटी तो गेला, त्यांनी एक प्रश्न विचारला. आधी कुणीच तो विचारला नव्हता. ‘घरी जनावरं आहेत का? गेल्या तीन-चार महिन्यांत कुणी गाभडलं का?’ उत्तर आलं तसं त्यांनी ब्रुसेलोसिसची रक्ततपासणी सांगितली. ती ठळक पॉझिटिव्ह आली. मग घरातल्या बाकीच्यांची केली. आजीचीही पॉझिटिव्ह आली. गुडघे आणि कंबर दोन महिने जास्तच दुखत होते, संध्याकाळी अंग कसकसायचं. ‘वय झालं’ या एका वाक्यात आजीने ते बसवून टाकलं होतं. नातवाची तपासणी निगेटिव्ह. सुनेचीही निगेटिव्ह, आणि याचं मला अजून नवल वाटतं.

ब्रुसेलोसिसला आपल्याकडे जनावरांच्या बाबतीत सांसर्गिक गर्भपात म्हणतात. गायी-म्हशींत ब्रुसेला अबॉर्टस, शेळ्या-मेंढ्यांत बहुतेक ब्रुसेला मेलिटेन्सिस हा जिवाणू, आणि माणसाला जास्त त्रास देणारा हा दुसरा. १८८७ साली डेव्हिड ब्रूस या लष्करी डॉक्टरने माल्टा बेटावर तो शोधला. सैनिक तापाने पडत होते आणि कारण कळत नव्हतं. ते कारण म्हणजे शेळ्यांचं दूध, हे थेमिस्टोक्लिस झामित यांनी १९०५ मध्ये दाखवलं. सैनिकांचं शेळीचं दूध बंद केल्यावर ताप ओसरला. ही कथा आम्हाला शिकवली जाते, आणि तिचा एक तोटा असा की मग सगळे दुधाकडेच बोट दाखवतात. आपल्या घरांत दूध उतू जाईपर्यंत तापवलं जातं, चहात तर ते उकळतंच. खरवससुद्धा चांगला वाफवलेला असतो. साय तापवलेल्या दुधाची, म्हणून लोणीही तसं सुरक्षित. या घरात कच्चं दूध एकच जण पीत होता, तो म्हणजे नातू. शेळीचं धारोष्ण दूध पोराच्या अंगी लागतं म्हणून आजी त्याला वाटीभर देत असे. पण ज्या शेळीचं दूध त्याला मिळायचं ती शेळी तपासणीत निर्दोष निघाली. पोरगा वाचला तो नशिबाने. त्या दिवसापासून दूध तापवून द्यायला लागले.

म्हणजे दूध नाही. मग कुठून? थोरल्याचं उत्तर जवळपास समोर होतं. गाभडलेल्या शेळीच्या पाण्यात, जारेत, मेलेल्या करडात हे जिवाणू प्रचंड संख्येने असतात, माणसाला बाधायला फार थोडे पुरतात, आणि अंगठ्यावरची उघडी जखम म्हणजे त्यांना उघडं दार. पण आजीने तर शेळीला हातही लावला नव्हता. आणि सुनेचे हात दिवसभर जनावरांत असून ती कशी सुटली?

एक सकाळ, पाच ते साडेआठ

फेब्रुवारीत एका पहाटे मी त्यांच्याकडे जाऊन बसलो. शिकवायला नाही, नुसता बघायला. वही घेतली होती. सुनेला सांगितलं, ‘ताई, तुम्ही तुमचं काम करा, मी इथे बसतो.’ ती थोडी लाजली, मग कामाला लागल्यावर मला विसरली. मी फक्त हात बघत होतो.

सव्वापाचला तिने पडवीची कडी काढली. शेळ्या अंगणात हाकलल्या. आजी उठून खराट्याने पडवीतल्या लेंड्या लोटायला बसली. कोरड्या जमिनीवर, पाण्याचा शिडकावा न करता. बल्बच्या उजेडात धूळ उठलेली दिसत होती आणि आजी त्यात खोकत होती. लेंड्या हाताने पाटीत भरल्या. मग आजीने हात झटकले, कनवटीची मिसरीची डबी काढली, तळहातावर मिसरी घेतली आणि त्याच हाताच्या बोटाने दाताला लावत शेळ्यांच्या शेजारी उकिडवी बसली. चांगली दहा मिनिटं.

मी वहीत एवढंच लिहिलं : धूळ. बोट.

गाभडलेल्या शेळीचं पाणी दोन्ही वेळा याच पडवीत सांडलेलं होतं. उन्हात, कोरड्यात हा जिवाणू लवकर मरतो. सावलीत, ओलीत तो आठवडेच काय, महिनेही तग धरतो, आणि पडवीची जमीन मुतामुळे जागोजागी दमट. सकाळच्या झाडणीने तो हवेत जातो, श्वासातून शिरतो, डोळ्यातून शिरतो, आणि मिसरीच्या बोटावरून तर सरळ तोंडात.

सून गोठ्यात गेली. दोन्ही हातांनी शेण उचलून पाटीत भरलं, ओचा खोचलेला. पाटी उकिरड्यावर रिकामी करून आल्यावर तिने चुलीवरचं कोमट पाणी बादलीत आणलं, गायीची कास धुतली, सड पुसले, स्वतःचे हात साबणाने मनगटापर्यंत धुतले आणि मग धारेला बसली. हे इतकं नेटकं होतं की मी मनात शाबासकी दिली. थोरला आजारी असल्याने चारही गायी तिच्याच अंगावर. धार झाली. हात पदराला पुसले. दूध फडक्याने गाळून कॅनमध्ये ओतलं, धाकट्याने कॅन केंद्रावर नेला. मग तिने वासरांना पाजलं, एका वासराची शेपटी हगवणीने भरली होती ती हाताने पुसली, हात पुन्हा पदराला पुसले आणि चुलीपाशी जाऊन पीठ मळायला घेतलं.

इथे मला ते दिसलं. ती हात धुते, चांगले धुते, साबणाने धुते. पण गायीला हात लावण्याआधी. गायीला हात लावून झाल्यावर नाही. मी दुसऱ्या दिवशी शेजारच्या दोन वस्त्यांवर जाऊन पाहिलं, तिथेही तेच. आणि यात कुणाचा गलथानपणा नाही. धारेआधी हात धुवा, कास धुवा, नाहीतर दूध नासेल, कासदाह होईल, असं आम्हीच गेली कित्येक वर्षं शिकवत आलो. केंद्रावर दुधाची फॅट लागते, एसएनएफ (फॅट सोडून दुधातले बाकीचे घन घटक) लागतं, दूध आंबलं तर परत येतं. धारेनंतरच्या हातांची फॅट कुणी लावत नाही. जे हात दुधाकडे जातात ते स्वच्छ हवेत, जे हात भाकरीकडे जातात त्यांची काळजी कुणी करायची हे आमच्या एकाही मेळाव्यात मी ऐकलेलं नाही. मीही सांगितलेलं नाही. मी स्वतः नोकरीच्या पहिल्या काही वर्षांत कोपरापर्यंत उघड्या हाताने गायींच्या अडकलेल्या जारा काढल्या आहेत आणि बांधावर बसून त्याच हाताने चहा घेतला आहे. आमच्या धंद्यात हा ताप नवा नाही.

सून कशी सुटली, याचं माझं उत्तर कच्चं आहे. तिच्या हाताला त्या रात्री जखम नव्हती, तिने बॅटरी धरली होती, करडू नाही. पडवी झाडायचं काम तिचं नाही, आजीचं. ती मिसरी लावत नाही. आणि भाकरी ती भाजते, म्हणजे पिठात गेलेलं तव्यावर मरतं. यापुढे मी काही ठामपणे म्हणणार नाही.

नानांचं राहिलं. नानांनी साडेसातला गव्हाणीत कडबा टाकला, गायीच्या कानामागचे गोचीड नखाने काढले, चिरडले आणि खिशातून तंबाखूची पुडी आणि चुन्याची डबी काढली. डाव्या तळहातावर तंबाखू, उजव्या अंगठ्याने मळली, टिचकी मारली, चिमूट ओठात. मळणं म्हणजे काय हो, हातावरचं सगळं त्या चिमटीत उतरवणं. नानांची तपासणी निगेटिव्ह होती. नाना म्हणाले, ‘बघा डॉक्टर, तंबाखूने जंतू मरत्यात.’ यावर मी काय बोलणार?

काय चाललं नाही

पहिल्या भेटीत मी नेहमीचं सगळं घेऊन गेलो होतो, आणि ते का फसलं हे लिहायला हवं. खांद्यापर्यंतचे प्लॅस्टिकचे हातमोजे दिले. पुढच्या खेपेला त्यातले दोन मोटरच्या स्टार्टरवर पाऊस लागू नये म्हणून चढवलेले दिसले. सॅनिटायझरची बाटली दिली. ती शेणाच्या हातावर चोळली जात होती. शेणाने, मातीने भरलेल्या हातावर सॅनिटायझर काम करत नाही, त्याला आधी स्वच्छ हात लागतो. गमबूट सुचवले. सून म्हणाली, ‘साडीवर?’ आणि हसली.

‘घडीघडी हात काय धुवायचे डॉक्टर? परत शेणातच घालायचे ना.’

हे तिचं वाक्य मी बरेच दिवस घोळवत होतो, कारण ते खरं आहे. शेणातून शेणात जाणारा हात धुवून काही उपयोग नाही. हात धुवायचा तो गोठ्यातून घरात येताना. दिवसाला वीस वेळा नाही, फार तर चार-पाच वेळा. हे तिला मी सांगितलं तेव्हा तिच्या चेहऱ्यावर पहिल्यांदा ‘हे जमेल’ असं दिसलं.

तरीही जंतू न दिसणारे. पटवायचं कसं? मदत केली ती नातवाच्या मानेने. त्याच्या मानेवर दोन गोल चट्टे उठले होते, कडेला लालसर, मध्ये पांढुरके. आजी त्यावर दही लावत होती. मी त्याला विचारलं, कोणतं वासरू तुझं? त्याने धावत जाऊन काळ्या वासराच्या गळ्यात हात घातले आणि मान त्याच्या तोंडाला घासली. वासराच्या डोळ्याभोवती राखाडी खपल्या होत्या. गजकर्ण. वासराचं पोराला. सगळं घर ते बघत होतं, आणि वासराचा खपला नि पोराचा चट्टा एका उंचीवर होते. मी काही बोललो नाही. सूनच म्हणाली, ‘म्हणजे हे असं येतं.’

ब्रुसेला दाखवता येत नाही. गजकर्णाने माझं अर्धं काम केलं.

साबणाची जाळी

बदल झाले ते घरातल्याच वस्तूंनी. गोठा आणि पडवी यांच्यातून घरात यायची एकच वाट आहे, तिथे लिंबाचा खांब. त्या खांबाला कांद्याच्या जाळीच्या गोणीचा तुकडा कापून त्यात साबणाची वडी बांधून टांगली. जमिनीवर किंवा दगडावर साबण ठेवला की कावळा उचलून नेतो हे गावातल्या प्रत्येकाला माहीत आहे, म्हणून तर गोठ्यात साबण नसतोच. जाळीतून साबण न काढता तसाच चोळता येतो, हात निसटत नाही आणि जाळीची खरखर नखांतलं शेण काढते. शेजारी जुन्या पंधरा लिटरच्या कॅनला तोटी बसवून ते दगडावर ठेवलं. हौदात हात खंगाळणं बंद, कारण हौदातून गुरं पितात आणि एकमेकांचं तेच पाणी फिरत राहतं. साबण वीस सेकंद चोळायचा, हे मी सांगितलं. आजीने त्याचं ‘एकदा हरिपाठातला अभंग म्हणायचा’ असं केलं. मी मोजलं, वीसपेक्षा जास्तच होतात.

कपड्याचा प्रश्न तर सुनेने स्वतःच सोडवला. कांदा लागवडीला आपल्याकडच्या बाया साडीवर नवऱ्याचा जुना शर्ट घालतात. तोच शर्ट गोठ्यात घालायचा आणि बाहेरच्या खुंटीला लावूनच घरात यायचं. पदराला हात पुसणं आपोआप थांबलं, कारण पदर शर्टाच्या आत गेला. चपलांचंही तसंच. गोठ्याची चप्पल खांबाच्या पलीकडे राहते, घरातली अलीकडे. नातवाला मात्र कुठलीच चप्पल पायात ठेवायची नसते.

पडवी झाडण्याआधी पाणी शिंपडायचं, धूळ उडू द्यायची नाही. आजीने मिसरी सोडली नाही. ती आता झाडण्याच्या आधी लावते, अंथरुणात बसून. हे मी सुचवलं नव्हतं, आणि मिसरी वाईट नाही असं मी म्हणत नाही. पण आधी-नंतरचा क्रम बदलल्याने बोट तरी स्वच्छ राहिलं. सारवणाबद्दल मी बोललोच नाही. शेणाने सारवायचं की नाही हा वाद मला त्या घरात हरायचाच होता. फक्त गाभडलेल्या शेळीची जागा खरवडून माती बाहेर काढली, चुना टाकला आणि आठ दिवस तिथे ऊन येईल असा छपराचा एक पत्रा उघडा ठेवला.

गाभडलं तर काय करायचं, हे मात्र मी कडक शब्दांत सांगितलं. हातमोजे नसतील तर जाड प्लॅस्टिकच्या दोन पिशव्या एकावर एक, हाताला जखम असेल तर हात घालायचाच नाही, जनावरांच्या दवाखान्याच्या १९६२ या मदत क्रमांकावर फोन करायचा. मेलेलं करडू, जार, त्याखालचा भुसा, सगळं कमरेइतक्या खोल खड्ड्यात, वर चुना, वर माती, वर बाभळीच्या काट्या. आपल्याकडे काही भागांत गायीची वार पोत्यात बांधून वडाला टांगतात. निरोगी गायीची असली तरी मला ते पटत नाही, गाभडलेलीची तर नकोच.

शेळ्यांचं काय

नऊपैकी तीन शेळ्या तपासणीत बाधित निघाल्या. गायी चारही निर्दोष. आता तीन शेळ्यांचं काय करायचं? जनावरावर या रोगाचा इलाज करत नाहीत, बाधित जनावर कळपातून काढतात. पण काढायचं म्हणजे कुठे? बाजारात विकलं तर रोग दुसऱ्याच्या पडवीत गेला. नानांकडे एक व्यापारी येऊन गेलाही होता. नाना म्हणाले, ‘माझ्या पोराला जे झालं ते दुसऱ्याच्या पोराला पैशासाठी द्यायचं का?’ मी या कुटुंबाला मानतो ते या वाक्यासाठी. त्या तिन्ही शेळ्या शेवटी पंचनामा करून मारून पुरल्या, आणि त्याची भरपाई म्हणावी तशी झाली नाही. गायीच्या बाबतीत तर हेही सहसा होत नाही, त्यामुळे बाधित गाय गुपचूप बाजार बदलत राहते. या गाठीचा दुसरा धागा लसीकरण आहे. २०१९ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय पशुरोग नियंत्रण कार्यक्रमात लाळ्या-खुरकुताबरोबर ब्रुसेलोसिसही आहे. चार ते आठ महिन्यांच्या मादी वासरांना एकदाच लस टोचायची. या घरातल्या दोन वासरांपैकी कालवड पाच महिन्यांची होती, तिला टोचली. ती लस जिवंत जिवाणूची असते, म्हणून टोचणाऱ्याने स्वतःला सुई लागू नये याची काळजी घ्यायची. गाभणीला ती देत नाहीत.

थोरल्याचं औषध सहा आठवड्यांचं होतं, डॉक्सिसायक्लिन आणि रिफॅम्पिसिन. रिफॅम्पिसिनने लघवी नारिंगी होते. हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं, तो घाबरून रात्री साडेदहाला मला फोन करून बसला. दुसरी अडचण वेगळी होती. हेच औषध क्षयरोगात देतात, त्याचं पाकीट गावात ओळखीचं आहे, आणि तीन दिवसांत वस्तीवर झालं की थोरल्याला टीबी आहे. शेजारणीने पाण्याचा तांब्या वेगळा केला. ब्रुसेलोसिस माणसाकडून माणसाला सहसा जात नाही. जनावराकडून येतो तिकडे कुणी लक्ष देईना आणि माणसाकडून येत नाही त्याला तांब्या वेगळा. तिसऱ्या आठवड्यात ताप गेला, अंडाची सूज उतरली आणि गड्याने गोळ्या बंद करायचं ठरवलं. पोटात आग होते म्हणाला. अर्धवट सोडलं तर हा आजार फिरून येतो, हाडांत बसतो. सुनेने राहिलेल्या गोळ्या मोजून डब्यात ठेवल्या आणि रोज समोर उभं राहून दिल्या. आजीचाही कोर्स तिनेच पुरा करून घेतला.

एप्रिलमध्ये शेळ्यांसाठी अंगणाच्या टोकाला जाळीचा बंदिस्त गोठा उभा राहिला, वर पत्रा, दाराला कडी. उन्हाळ कांद्याचे पैसे आले त्यातून. शेळ्या घराबाहेर गेल्या, पडवी पहिल्यांदा पूर्ण धुतली गेली, आजी तिथे बाज टाकून झोपायला लागली. माझ्या अहवालात मी ‘पशू व मानव निवास विलग’ असं लिहून ठेवलं आणि मला बरं वाटलं.

नानांनी तंबाखू सोडली नाही. चुन्याची डबी मात्र सुनेने गोठ्याच्या कोनाड्यातून उचलून घरातल्या देवळीत ठेवली. म्हणजे डबी हवी तर खांबावरून यावं लागतं, आणि खांबाशी साबण आहे. नाना कधी हात धुतात, कधी नातवाला डबी आणायला पाठवतात.

पोळ्याच्या आदल्या दिवशी पुन्हा गेलो. पाऊस रिपरिप चालू होता. जाळीचा गोठा रिकामा होता आणि शेळ्या पडवीत होत्या. आठवड्यापूर्वी पहाटे गोठ्याभोवती चिखलात ठसे उठले होते, जाळी एका कोपऱ्यात वाकलेली. त्याच संध्याकाळी नानांनी शेळ्या आत घेतल्या. यावर माझ्याकडे बोलण्यासारखं काही नव्हतं, मी तोंडातल्या तोंडात दुरुस्तीचं काहीतरी पुटपुटलो. जायला निघालो तेव्हा लिंबाच्या खांबावरची जाळी दिसेना. सुनेला विचारलं.

‘तिथून काढली,’ ती म्हणाली. ‘शेळ्या इकडं आल्या ना. म्हणून इथं लावली.’

पडवीच्या आतल्या दाराच्या चौकटीला, शेळ्या जिथे संपतात आणि घर जिथे सुरू होतं तिथे, कांद्याची लाल जाळी टांगलेली होती. त्यात नवी वडी होती. दुसरी एक जाळी तिने हातभर खाली बांधली होती, पोराच्या उंचीला.